तोंडाकडे बघणारा आरोपी

१

एकच माणूस एकाच दुपारी दोन ठिकाणी असू शकतो का?

देवांचं सोडा, त्यांना जमतं. आपल्याकडच्या प्लंबरलाही जमतं. तो लालबागला आणि ठाकूरद्वारला एकाच वेळी ‘पोचलोच’ असतो. पण साध्या, दोन पायांच्या, पापभीरू माणसाला?

हा प्रश्न खोताच्या वाडीतल्या बीट्रिस फरेरा यांना एका सोमवारी कोर्टात, मागच्या बाकावर पडला. आणि असा अवचित पडला की तोंडातली लिमलेटची गोळी न चघळता सरळ खाली उतरली.

कोर्ट कोणतं ते विचारू नका. गिरगावातून निघून परळला पोचायच्या आत कुठेतरी थांबलात तर सापडेल. तिथला पंखा इंग्रज जाताना चालू ठेवून गेले आणि बंद कुठून करायचा ते कोणाला सांगून गेले नाहीत, म्हणून अजून फिरतोय. त्या पंख्याखाली बीट्रिसबाई दर सोमवारी येऊन बसत. आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणूनही नव्हे. पाळतीवर.

त्याचं असं झालं. रुचा दळवी नावाच्या एका तरुण वकील मुलीच्या डोक्यात आलं की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचं कोर्टात पुढे नेमकं होतं काय, ते कोणीतरी बसून बघायला हवं. कोणाचं लायसन गेलं, कोणाला नुसत्या तारखा मिळाल्या, कोण ‘साहेब, परत नाही’ म्हणून हसत घरी गेलं. रिकामा वेळ असलेली माणसं तिला हवी होती, आणि निवृत्त माणसांइतका रिकामा वेळ देवाकडेही नसतो. तिला तिघं मिळाली. गिरगावच्या मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बीट्रिसबाई, त्यांचा धाकटा दीर स्टॅनली, आणि लालबागच्या रमाबाई, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. नियम एकच. बघायचं, टिपायचं, पण कोर्टात आवाज काढायचा नाही. एक शब्द फुटला तर बसायची परवानगी गेली.

तर त्या सोमवारी शिपायाने पुकारा केला, “बाबुराव घाडी!”

पिंजऱ्यात एक साठीतला, काटकुळा माणूस येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मॅजिस्ट्रेटबाई कागदात डोकं घालून आरोप वाचू लागल्या. दारू पिऊन गाडी चालवली, परळला दर्शना मेस्त्री नावाच्या मुलीला उडवलं, तिला तिथेच टाकून पळून गेला, दुसऱ्या दिवशी चौकीवर हजर होऊन सगळं कबूल केलं. गाडी दादरच्या सरपोतदारांची, ज्यांचं लग्नाचं सभागृह आहे. हा त्यांचा ड्रायव्हर.

गंमत अशी, की आरोपी मॅजिस्ट्रेटबाईंकडे बघतच नव्हता. त्याच्यासमोर त्याच्या वकिलाचा, म्हणजे कारखानीसांचा, कारकून उभा होता. मनू कुडाळकर. चक्क न्यायासनाकडे पाठ करून.

“ओ मनूशेठ,” शिपाई खेकसला, “बाईंकडे पाठ करून काय उभे राहता? लग्नात आलात काय फोटोला?”

मनू हसला, जरा बाजूला सरकला, पण तोंड पिंजऱ्याकडेच ठेवलं.

“गुन्हा कबूल आहे?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“कबूल,” घाडी म्हणाला. थोडा उशिराने.

मग मॅजिस्ट्रेटबाईंनी अपघाताची तारीख पुन्हा मोठ्याने वाचली, दुपारी तीनचा सुमार, आणि म्हणाल्या, “जखमी मुलीचे डॉक्टरी कागद अपुरे आहेत. पुढच्या सोमवारी आणा. कबुली तेव्हाच नोंदवते. हा तुरुंगाचा मामला आहे, घाई नको.”

आणि लिमलेटची गोळी गेली ती इथे.

कारण ती तारीख म्हणजे बीट्रिसबाईंच्या नवऱ्याची, एरिकची, पुण्यतिथी. त्या दिवशी सकाळी चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा झाली, आणि घरात एकटं बसवेना म्हणून बाई इथे येऊन बसल्या होत्या, अगदी कोर्ट उठेपर्यंत. याच बाकावर. आणि त्या दुपारी तीनच्या सुमारास समोरच्या याच पिंजऱ्यात, हाच माणूस, हाच गळाबंद शर्ट घालून, दुसऱ्याच एका दारूच्या खटल्यात गुन्हा कबूल करत उभा होता.

तेव्हा त्याचं नाव होतं प्रताप दिघे.

२

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या पिंपाजवळ बाईंनी त्याला गाठलं. मनू सही आणायला आत वळला होता.

“घाडी ना तुम्ही?” त्याच्या समोर जाऊन त्यांनी विचारलं.

माणसाचा चेहरा असा उजळला की बाईंना वाटलं, याला कोणी पेढा दिला. “होय बाई. बाबुराव घाडी. सरपोतदार सायबांकडे ड्रायव्हर. पर्मनंट!”

“अस्सं! कुठली गाडी चालवता?”

तो विचारात पडला. “चांगली गाडी आसा,” म्हणाला.

तेवढ्यात मनूने येऊन त्याचा दंड धरला. “आँटी, त्यांना ऐकायला जरा कमी येतं. काय असेल ते मला सांगा.” आणि गणपती न्यावा तसा सांभाळून त्याला घेऊन गेला.

संध्याकाळी बाईंच्या ओटीवर मंडळ भरलं. खोताच्या वाडीतली ओटी, लाकडी कठडा, समोरच्या घरातली मांजर कठड्यावर. सगळी हकीकत ऐकून स्टॅनलीने लगेच निकाल दिला. तो लग्नात ट्रंपेट वाजवायचा, त्यामुळे सगळ्या गोष्टी मोठ्याने आणि आधी सांगायची सवय.

“जुळे! दुसरं काय!”

“जुळ्यांची आडनावं वेगळी असतात होय रे?” बीट्रिसबाईंनी विचारलं.

“एक दत्तक गेला असंल.”

“आणि दत्तक गेलेल्याने शर्टपण तसाच शिवला?”

“अगो, तां भूत असतला,” रमाबाई शांतपणे म्हणाल्या. “कोर्टात लय जण मरतत वाट बघून. त्यातला एखादा ऱ्हवला असात थय.”

रुचाने घसा साफ केला. “आँटी, रागावू नका हं. पण त्या वेळी तुमचा मोतीबिंदू...”

“डाव्या डोळ्यात होता. उजव्याने बघत होते.”

“तरी पण. उद्या कोणी विचारलं की बाई, ऑपरेशनच्या आधी बघितलेला माणूस तुम्ही ऑपरेशननंतर ओळखलात कसा? काय सांगाल?”

बाईंना आतून खात्री होती. पण खात्री आणि पुरावा यांत गिरगाव आणि गोरेगावइतकं अंतर असतं, हे त्यांनीच मुलींना शिकवलं होतं. खरंच चुकत तर नाही ना आपण? एरिकचा दिवस होता, मन थाऱ्यावर नव्हतं...

“आणि समजा,” रुचा म्हणाली, “माणूस तोच असेल. मग तो खोटा कधी होता? तेव्हा की आज? आज त्याने खरं नाव दिलंय, कागद खरे आहेत, पोलिसांनी तपासलेत. आपण कोर्टात ओरडलो तर परवानगी जाईल आणि हाती काय? आँटी, प्लीज. नियम मोडायचा नाही.”

“नाही मोडत,” बीट्रिसबाई म्हणाल्या. “पण कोर्टाबाहेर बोलायला कोणाची बंदी आहे?”

दुसऱ्या दिवशी वहीत टिपलेल्या पत्त्यावर त्या प्रताप दिघे यांना भेटायला दादरला निघाल्या.

३

प्रताप दिघे साड्यांच्या दुकानात गादीवर बसले होते; खरं तर गादी त्यांच्या खाली कुठेतरी होती असं ऐकून माहीत. माणूस एवढा रुंद, की त्यांना पिंजऱ्यात उभं करायचं तर पिंजरा नव्याने बांधावा लागला असता. डोक्यावर केस नाहीत. आवाज मात्र बासरीसारखा.

बीट्रिसबाईंनी लाल चौकड्यांचं नऊवारी लुगडं मागितलं, उलटून पालटून बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, “तुम्हाला कोर्टात बघितल्यासारखं वाटतं.”

“मला?” दिघे खो खो हसले. “अहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी वकिलाला चढायला लावली.”

“अगं बाई! म्हणजे दारूचं होतं ना ते? माझ्या भाच्याचंही तसंच झालंय हो. पकडलाय माहीमला. आई रडून रडून अर्धी झाली. काय करायचं?” बाईंना भाचा नव्हता. पण गरज पडली तर माणसाला भाचेही होतात.

“रडायचं काय त्यात!” दिघे पुढे वाकले. गादी कण्हली. “कारखानीस वकिलांकडे जा. वकिलांना काही सांगू नका, ते तारखेला येतात आणि जातात, त्यांना आरोपीचं तोंडही माहीत नसतं. त्यांचा मनू आहे ना, त्याला सांगा. त्याच्याकडे सोय असते. मी त्या दिवशी लोणावळ्याला होतो. माझ्या जागी कोणीतरी उभा राहिला, ‘कबूल’ म्हणाला, दंड भरला, संपलं!”

“कोण उभा राहिला?”

“मला काय ठाऊक? आपण चहा पितो तेव्हा म्हशीचं नाव विचारतो का?”

लुगडं मात्र चांगलं निघालं. बाईंनी ते घेतलं.

म्हणजे डोळा शाबूत होता! त्या दुपारी पिंजऱ्यात घाडीच उभा होता, दिघ्यांच्या नावाने. पण आनंद परळच्या वळणापर्यंतच टिकला. कारण एक कोडं सुटलं आणि त्याच्या पोटातून दुसरं निघालं. खोट्या नावाने उभा राहिला तेव्हा तो खोटा, हे पटतं. आज खऱ्या नावाने उभा आहे तरी खोटाच. मग कशासाठी? दंडाची गोष्ट वेगळी, इथे तुरुंग आहे. आपल्या स्वतःच्या नावावर तुरुंग ओढून घेणारा माणूस एक तर संत असतो, नाहीतर त्याला काहीतरी माहीत नसतं.

दर्शना मेस्त्री परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, खाटेवर पाय लांब करून बसली होती. पायात लोखंडी सळया. भिंतीवर कबड्डीचे कप.

“रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागायची होती मिस,” ती म्हणाली. गिरगावचीही नाही आणि बाईंची विद्यार्थिनीही नाही, पण बीट्रिसबाईंना बघितलं की सगळ्यांच्या तोंडून मिसच निघायचं. “आता जिना उतरायला दोन माणसं लागतात. चालवणारा कोण ते सगळ्या गल्लीला माहितीय. सरपोतदारांचा धाकटा. पण टोपी होती, काळा चष्मा होता, तोंड कोणी नीट बघितलं नाही.”

“तू काय बघितलंस?”

“तो उतरला. झुलत होता. मागनं दूधवाला ओरडला, ‘ए, पळतो कुठे!’ तसा हा गर्रकन वळला, त्याला आईवरनं शिवी दिली, गाडीत बसला आणि गेला. मी पोलिसांना सांगितलं, म्हातारा असा वळेल का? ते म्हणाले, अगं, माणूस स्वतः कबूल करतोय, तुझं काय जातंय?” तिने पायाकडे बघितलं. “माझं काय जातंय! सोमवारी त्याने कबूल म्हटलं की फाइल बंद. मग धाकट्याला कोण हात लावतो?”

मागून हाक आली आणि तो वळला. बाई जिना उतरताना हेच घोळवत होत्या. हाक आली, वळला. हाक आली... काहीतरी हाताशी येत होतं आणि साबणासारखं निसटत होतं.

४

तिथून त्या तडक रमाबाईंकडे, लालबागला. समोरची चाळ पाडायचं काम चाललेलं. ते यंत्र सिमेंट फोडायला लागलं की तीन गल्ल्यांतली भांडी आपोआप घासून निघत, असं रमाबाई सांगतात. रमाबाईंच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं.

रमाबाई बांगडे साफ करत बसल्या होत्या. बीट्रिसबाईंनी साड्यांपासून सळयांपर्यंत सगळं सांगितलं.

“मग तो बघी खंय होतो?” रमाबाईंनी विचारलं. “पिंजऱ्यात उभो ऱ्हवून?”

“तेच तर विचित्र. शाळेत पोरी डोळ्यांकडे बघतात, मार बसणार का ते कळायला. हा तोंडाकडे बघत होता. मनूच्या. आणि पिंपापाशी माझ्या.”

रमाबाई काहीतरी बोलणार तोच यंत्र सुरू झालं. खिडकी थरथरली, बांगडे थरथरले. आणि रमाबाई बोलतच राहिल्या. आवाज नव्हताच, म्हणजे ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या ओठ असे मोठे, ठसठशीत हलवत होत्या की बीट्रिसबाईंना शब्दन् शब्द ‘दिसला’.

चहा घेतस?

यंत्र थांबलं.

“रमाबाय, हे काय केलंस तू?”

“काय केलंय? चाय विचारलंय.”

“आवाज न काढता!”

“तां होय,” रमाबाई हसल्या. “माझो घोव साच्यावर, मागावर होतो गो. कापडगिरणीत. थय शेकड्यांनी साचे एकदम चलतत, ह्या कानाचा त्या कानाक ऐकाक येणा नाय. सगळे असेच बोलतत, तोंडान, आवाज नाय. धा वर्सांत कान जातत ते जातत, पण पलीकडच्या टोकाक उभो माणूस काय शिवी देता, तां बरोबर कळता. घरी इलो की मी पण तशीच भांडत होतंय त्याच्याशी. शेजाऱ्यांका वाटायचां, काय गुणाचां जोडपां!”

बीट्रिसबाई उठून उभ्या राहिल्या. “घाडीला ऐकू येत नाही. थोडं कमी नव्हे, येतच नाही! म्हणून मनू न्यायासनाकडे पाठ करून उभा होता. पुकारा झाला, आरोप वाचला, सगळं बाईंनी मान खाली घालून वाचलं. घाडीला त्यातलं काही दिसलंच नाही. मनूच्या ओठांवर ‘कबूल म्हण’ दिसलं, आणि तो म्हणाला. आणि दर्शनाला उडवणारा? त्याला मागून हाक ऐकू आली, तो वळला. मग तो घाडी कसा असेल?”

“पण मग दुसऱ्याच्या नावान उभो कित्याक ऱ्हवता तो?” असं म्हणता म्हणताच रमाबाईंच्या हातातला बांगडा थांबला. “मनू कुडाळकर म्हणालंस? कुडाळकर जॉबरचो झील? मुलगो?”

“जॉबर म्हणजे?”

“कामगार भरणारो. बीट्रिसबाय, गिरणीत बदली म्हणून असायचे. सकाळी गेटावर येऊन उभे ऱ्हवायचे. कायमचो माणूस आजारी पडलो, गावाक गेलो, की जॉबर ह्यांच्यातलो एक उचलायचो, म्हणायचो, आज तू तुकाराम. की तो दिवसभर तुकाराम! तुकाराम म्हणून हाक मारली तर ओ द्यायची. उद्या तू गणपत. वर्सांनुवर्सां असा. घाडीन आयुष्यभर तांच केला असतला. त्याका त्यात चोरी दिसूचीच नाय. जॉबरच्या झिलान सांगल्यान, आज तू दिघे. ह्यो झालो दिघे.”

आता सगळं एका रेषेत आलं. बीट्रिसबाईंना पिंपापाशी त्याचा उजळलेला चेहरा आठवला. पर्मनंट! आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर जगलेल्या माणसाला मनूने सांगितलं असणार, की आता तुझ्या नावावर काम, सरपोतदारांकडे कायमचं; फक्त एकदा कोर्टात ‘कबूल’ म्हण. मुलीचा पाय मोडलाय हे कोणी त्याला सांगितलंच नसेल. तुरुंग तर नाहीच नाही.

“त्याला सांगायला हवं,” त्या म्हणाल्या. “सोमवारच्या आत.”

पण सांगायचं कसं? दोघींनी अख्खं लालबाग पालथं घातलं. घाडी खोलीवर नव्हता. मनूने त्याला ‘साहेबांकडे राहायला’ नेलं होतं. रुचाने पोलिसांना सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाले, मॅडम, आरोपीची तक्रार नाही, मालकाची नाही, मग तुमची का?

राहिला सोमवार. राहिलं कोर्ट, जिथे तोंडातून आवाज काढायची बंदी.

रविवारी मिस्सेला गुडघे टेकून बसलेल्या बीट्रिसबाई एकदम खुदकन हसल्या. पाद्रीबाबांनी वळून बघितलं.

५

सोमवारी मागच्या बाकावर प्रथमच चौघं बसली होती. दर्शनाला दोन माणसांनी धरून आणून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, सळयांचा पाय लांब.

“बाबुराव घाडी!”

तो आला. नवा शर्ट. मनू पुढे सरला आणि आपली जागा घ्यायला लागला, तसा स्टॅनली उठला. हा माणूस ट्रंपेट वाजवणारा, छाती केवढी सांगायला नको. बाकाबाहेर पडण्याचं निमित्त करून तो मनू आणि पिंजरा यांच्यामध्ये आला, आणि तिथेच त्याची चप्पल तुटली. तुटली म्हणजे अशी तुटली, की वाकून बघितल्याशिवाय इलाज नव्हता.

“ओ काका, बाजूला व्हा,” मनू पुटपुटला.

स्टॅनलीने ओठांवर बोट ठेवलं आणि ‘इथे बोलायचं नसतं’ अशा अर्थाने मान हलवली.

घाडी गोंधळला. त्याने मनूचं तोंड शोधलं, ते स्टॅनलीच्या पाठीमागे. न्यायासनाकडे बघितलं, तिथे मान खाली. मग नजर खोलीभर फिरू लागली, आणि फिरता फिरता मागच्या बाकावर अडकली. तिथे एक लालबागची म्हातारी उभी होती, आणि ती त्याच्याशी साचेखात्यातलं बोलत होती. गिरणी बंद झाल्यापासून कोणी बोललं नव्हतं तसं. मोठ्या, ठसठशीत ओठांनी. आवाज शून्य.

पंखा फिरत होता. मॅजिस्ट्रेटबाई आरोप वाचत होत्या. आणि त्याच वेळी खोलीत दुसरी एक सुनावणी चालू होती, ती फक्त दोघांना दिसत होती.

ह्या पोरग्येक गाडीन उडवल्यान. तिचो पाय बघ.

घाडीने बघितलं. सळयांकडे, मग दर्शनाच्या तोंडाकडे.

तू कबूल म्हटलंस तर तुका तुरुंग. उडवलेलो मोकळो.

त्याने मनूचं तोंड पुन्हा शोधलं.

त्या दिसा तू हयच होतस. ह्याच पिंजऱ्यात. दिघे म्हणून.

“गुन्हा कबूल आहे?” मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

उत्तर नाही.

“घाडी, कबूल आहे का?”

उत्तर नाही. बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. आरोपी मागच्या बाकाकडे एकटक बघत होता. “कोण बोलतंय तिकडे?”

“कोणीच नाही, बाईसाहेब,” शिपाई म्हणाला, आणि ते तंतोतंत खरं होतं. “एक अक्षर आलं नाही.”

घाडीने मान वळवली. आता मॅजिस्ट्रेटबाईंचं तोंड त्याला समोर, पूर्ण दिसत होतं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला आणि तो त्याने त्यांच्या ओठांवरून उचलला.

“नाय,” तो म्हणाला. “माका गाडी चलवकच येणा नाय.”

कारखानीस वकील उठले. ते खरोखरच आरोपीचं तोंड पहिल्यांदा बघत होते. “बाईसाहेब, माझे अशील वयस्कर आहेत, गोंधळलेत...”

“माका आतापर्यंत कायच म्हायत नव्हता,” घाडी म्हणाला, वकिलांकडे न बघताच, कारण त्याला ते बोलल्याचं कळलंच नव्हतं. “बाईनू, त्या दिसा दुपारी मी हयच होतंय. ह्या पिंजऱ्यात. तुमच्याच समोर. दिघे म्हणून कोण आसा, त्याच्या जागी. मनून उभो केल्यान. त्याचो बापूस गिरणीत माका असोच उभो करायचो, मी म्हटलंय, ही पण बदलीच. पोरग्येचा माका कोणी सांगल्यानच नाय. देवाशपथ.”

मनू दरवाजाकडे सरकत होता. स्टॅनली आता दरवाजात जाऊन वाकला होता; चप्पल अजून दुरुस्त होत होती.

“थांबा,” मॅजिस्ट्रेटबाई मनूला म्हणाल्या, आणि मग घाडीकडे वळून, एकेक शब्द सुटा करत, “तुम्हाला समजतंय का? त्या दिवशी दुसऱ्याच्या नावाने इथे उभं राहणं हाही गुन्हा आहे. हे सांगून तुम्ही या खटल्यातून सुटाल. त्यात अडकाल.”

हा हिशेब बीट्रिसबाईंनी मांडला होता, पण आठवडाभर त्याचं उत्तर लिहायचं टाळलं होतं. एका तुरुंगातून काढून दुसऱ्याच्या दारात उभं केलं होतं त्यांनी त्याला. आणि त्याचं पर्मनंट कामही गेलं होतं.

घाडी मॅजिस्ट्रेटबाईंच्या ओठांकडे बघत राहिला, तिथे आणखी काही शब्द यायचे बाकी असावेत तसा.

“समाजला,” तो म्हणाला. “ता मी केलंय. मग ता माझ्या नावावर लावा. बाबुराव सोनू घाडी. दिघ्याच्या नको.”

टायपिस्टने मॅजिस्ट्रेटबाईंकडे बघितलं. “लिहा,” त्या म्हणाल्या.

मग बरंच काही झालं. त्या दुपारचे जुने कागद मागवले, दिघ्यांना समन्स निघालं, मनूला पोलिसाने बाकावर बसवलं, सरपोतदारांच्या धाकट्याचा तपास नव्याने करायचा हुकूम झाला. रुचा इतक्या भराभर टिपून घेत होती की तिला नियम मोडला की नाही याचा विचार करायलाही सवड नव्हती.

कोर्ट उठलं तेव्हा दर्शना दोन माणसांच्या आधाराने उठली आणि लंगडत पिंजऱ्यापाशी गेली. घाडी मान खाली घालून उभा. तिने त्याच्या हनुवटीला बोट लावलं, चेहरा वर केला, आणि समोरासमोर काहीतरी बोलली. लांबून बीट्रिसबाईंना एक अक्षर ऐकू आलं नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यालाही कळलं नाही. घाडीचे ओठ मात्र हलले.

“काय म्हणाली गो ती?” बीट्रिसबाईंनी रमाबाईंचा पदर ओढला. “रागावली?”

रमाबाईंनी नाक पुसलं.

“विचारता, काका, तुमची तारीख कधी आसा? मी येतंय.”